पायाची बाराखडी

पुंडलिक मास्तर माणसाच्या तोंडाकडे कधी बघत नसत. ते पायांकडे बघत. रस्त्यात कोणी भेटलं की त्यांची मान खाली जायची, नजर घोट्यापासून अंगठ्यापर्यंत फिरून यायची आणि मगच तोंडातून "रामराम" निघायचा. नवख्या माणसाला वाटे, काय विनयशील गृहस्थ आहे! विनय कसला? समोरच्याचा घोटा कच्चा आहे की पक्का, एवढंच ते तपासत असत. गावातल्या निम्म्या लोकांची नावं त्यांच्या लक्षात नसायची. "तो नाई का, ज्याचा उजवा अंगठा बाहीर फाकलेला हाये," असं सांगून ते मोकळे होत, आणि गंमत म्हणजे ऐकणाऱ्यालाही हळूहळू तो माणूस तसाच ओळखू येऊ लागे.

मी त्यांच्या हाताखाली सहायक मास्तर म्हणून रुजू झालो, तेव्हा नेमणुकीचा कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला, न वाचता खिशात घातला आणि माझ्या पायांकडे बघत राहिले. मी खास नोकरीसाठी अकोल्याहून नवे पंपशू घेतले होते.

"जोडा काढा बरं, भाऊ."

मी काढला.

"चालून दाखवा."

मी ओट्याच्या टोकापर्यंत जाऊन परत आलो. बैलबाजारात उभं केल्यासारखं वाटलं मला. मास्तरांनी मान हलवली. "उजवा ठीक हाये. डावा झोपलेला हाये तुमचा. जागा कराव लागीन."

माझ्या शिक्षणाची, माझ्या सुंदर अक्षराची त्यांनी चौकशीही केली नाही. अक्षराचा मला तेव्हा फार अभिमान होता. पुढे त्याच अक्षराने काय करून ठेवलं, ते सांगायलाच हे लिहितो आहे.

वाशीमहून रिसोडाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं गाव. शाळा चार इयत्तांची, मास्तर दोन, खोली एक. खोलीपुढे ओटा, ओट्यापुढे मैदान, आणि मैदानाच्या पलीकडे आबासाहेबांचं जीन, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्याचा कारखाना. हंगामात तिथून कापसाची पिंजर उडत यायची आणि पोरांच्या डोक्यावर बसायची. आतली मुलं खोलीत बसत. गावकुसाबाहेरची सात-आठ मुलं बाहेर ओट्यावर बसत. त्यांच्या पाट्या मी दुरूनच तपासायचो. तेव्हाची रीतच तशी होती, असं म्हणून लोक सुटका करून घेतात. मी घेत नाही. रीत पाळणाऱ्यांत मी होतो, एवढं आधीच लिहून ठेवतो.

मास्तरांचं म्हणणं असं, की शाळा पोराचा हात शिकवते, तोंड शिकवते, पण पाय अडाणीच राहतात. "पाय शिकला पाह्यजे, भाऊ. पायाले बी डोकं असते." म्हणून त्यांनी पायाची बाराखडी काढली होती. पहिलीला चेंडू थोपवणं, दुसरीला ढकलणं, तिसरीला वळवणं, चौथीला दूर मारणं. एका वहीत पावलांची चित्रं काढून, कुठल्या हाडाने काय करायचं ते लिहून ठेवलेलं. हे सगळं ज्ञान आलं कुठून? तर तरुणपणी ते मामाकडे कामठीला गेले होते, तिथल्या छावणीच्या मैदानावर गोरे सोल्जर फुटबॉल खेळत आणि मास्तर कुंपणाबाहेर उभे राहून पाहत. पंधरा दिवस पाहिलं. स्वतः चेंडूला पाय लावायची वेळ आयुष्यात आली नव्हती. तरी अधिकारवाणी अशी, की सोल्जरांनी येऊन यांच्याकडे दुरुस्ती करून घ्यावी.

त्यांचा फुटबॉल जगावेगळा होता. दोन रांगा दहा पावलांवर समोरासमोर उभ्या करायच्या. एका रांगेत आतली मुलं, दुसरीत ओट्यावरची. सगळ्यांचे हात पाठीमागे बांधलेले. या रांगेने त्या रांगेकडे चेंडू द्यायचा, त्या रांगेने थोपवून परत द्यायचा. बस्. ना गोल, ना सामना, ना धक्काबुक्की. एखाद्या पोराचा हात चुकून पुढे आला की मास्तर गर्जत, "हात मांगं!"

हे "हात मांगं!" त्यांच्या जिभेवर इतकं बसलं होतं, की ते कुठेही निघायचं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, घरी रागवायला कोणी नाही. त्यामुळे सगळा साठा बाहेर खर्च व्हायचा. एका लग्नाच्या पंगतीत वाढपी बुंदी घेऊन वाकला, तर यांनी त्यालाच "हात मांगं!" म्हणून दरडावलं. वाढपी घाबरून पुढे गेला. मास्तर बुंदीवाचून उठले.

"मास्तर, सामना कधी खेळवणार?" मी विचारायचो.

"आधी बाराखडी, मंग वाचन," ते म्हणायचे.

रांगा वेगवेगळ्या ठेवल्यात हे मला तेव्हा बरं वाटलं होतं. मास्तर विक्षिप्त असले तरी रीतभात सांभाळून आहेत, असं मी मनात म्हटलं होतं.

आता, एवढ्या सगळ्या थाटात एकच गोष्ट नव्हती: चेंडू. हिवाळ्यात टेकाडावरची कवठं उतरवून मुलं त्यावर सराव करत. सराव संपला की मास्तर ती कवठं नाल्यापलीकडे फेकून देत. कवठाचं कवच म्हणजे दगडच, पोरांचे अंगठे सुजायचे. कवठं संपली की बिनचेंडूचा फुटबॉल. चाळीस पोरं हात पाठीशी बांधून नुसत्या हवेला लाथा मारताहेत, हे दृश्य रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीवानांनी पाहिलं, आणि शाळेला काही बाहेरचं लागलं आहे अशी बातमी पार रिसोडच्या बाजारापर्यंत पोचली.

मला राहवेना. मी बायकोच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या घेतल्या, आत जिनातली पिंजर भरली आणि तिच्याकडून झकास गोल चेंडू शिवून घेतला. मोठ्या कौतुकाने मास्तरांपुढे ठेवला. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला, फिरवून पाहिला, आणि परत दिला.

"चिंधीचा नाई चालत, भाऊ. चामड्याचाच पाह्यजे."

"का नाही चालत? कवठ चालतं आणि हा नाही?"

"नाई चालत म्हून नाई चालत. वहिनीले म्हणा, शिवण चांगली हाये."

मला राग आला. घरी बायकोला आला तो वेगळाच. माणूस हट्टी असावा, पण इतका? गावच्या मोच्याने एकदा जुन्या मोटेच्या चामड्याचा चेंडू करून दिला होता. आत भुसा. तो एवढा जड झाला की लाथ मारणारा पोरगाच मागे पडला. शेवटी त्याचा उपयोग बसायला होऊ लागला. खरा चेंडू म्हणजे आत रबरी फुगा आणि वर शिवलेलं कातडं, तो अकोल्याहूनच यायचा, आणि आम्हा दोघांच्या पगारात तो येणं शक्य नव्हतं. म्हणून मास्तर दाता शोधत होते. मी येण्याच्या आधीपासून शोधत होते.

मी आल्यावरचा पहिला अर्ज शाळा चालवणाऱ्या जिल्हा बोर्डाकडे. उत्तर आलं ते मीच त्यांना वाचून दाखवलं. प्राथमिक शाळांस खेळ या सदराखाली लेझीम मंजूर आहे, पायाने खेळावयाच्या वस्तूस तरतूद नाही, तरी सदर मुलांनी लेझीम खेळावी. मास्तर चिडून उभे राहिले. "लेझीम हातानं खेळतेत! हातानं!" यात एवढं चिडण्यासारखं काय, ते मला समजलं नाही.

मग नदीकाठच्या एका बागायतदाराकडे गेलो. वांगी-कोथिंबीर रिसोडच्या बाजारात नेऊन त्याने बरं कमावलं होतं. मास्तरांनी त्याच्या पायांचं कौतुक केलं, बाराखडी समजावली. तो सगळं ऐकून वाफ्यात गेला आणि एक लाल भोपळा घेऊन आला. "गोलच पाह्यजे ना मास्तर? घ्या. मारा लाथा. फुटला तं शिजवून खाताबी येते." भोपळा आम्ही आणला. पोरांनी त्याला लाथा मारल्या नाहीत, खाल्ला.

वाशीमच्या एका वकिलाकडे तर फार वाईट झालं. वकीलसाहेब खेळाचे शौकीन, असं ऐकलं होतं. त्यांनी बसवलं, पाणी मागवलं. मास्तरांना तोंडाने समजावता येईना, म्हणून त्यांनी हात पाठीमागे घेतले आणि समोरचा पाण्याचा तांब्या हळूच पायाने थोपवून, वळवून दाखवला. फार नाजूक वळवला हो! थेंब सांडला नाही. पण नोकराने चुकून देवघरातला चांदीचा तांब्या आणला होता. वकिलाच्या आईने आतून पाहिलं आणि पुढचं आम्ही रस्त्यावर उभं राहून ऐकलं. मास्तरांना त्याचं काही नाही. परतीच्या सर्व्हिस मोटारीत ते एवढंच म्हणाले, "वकिलाचे पाय पाह्यले का? बसून बसून मेले. थो काय देईन?"

अशी दोन-तीन वर्षं गेली. पोरं चौथी होऊन निघून जायची, जाताना मास्तर त्यांचे पाय बघत राहायचे. एकदा मी त्यांना ओट्यावर एकटे बसलेले पाहिलं. त्या दिवशी ओट्यावरचा एक पोरगा शाळा सोडून ढोरांमागे गेला होता. मास्तर म्हणाले, "असा पाय पाह्यला नाई मी. चेंडू येऊन मुकाट बसला असता त्याच्यापाशी. पन चेंडू कुठी हाये?" त्यांचे डोळे भरले होते. मला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणूनच मी ती अक्कल लढवली.

आमच्या मुलखात दिलेल्या वस्तूवर नाव लागतं. देवळाची घंटा घ्या, पायऱ्या घ्या, पाणपोईचा रांजण घ्या, कोणी कोणाच्या स्मरणार्थ दिला ते कोरलेलं असतं. नावाशिवाय दान म्हणजे अंधारात डोळा मारण्यासारखं. मी मास्तरांना म्हटलं, "तुम्ही पाय समजावत बसता, म्हणून कोणी देत नाही. आबासाहेबांकडे चला, मी बोलतो."

आबासाहेब जिनात लोडाला टेकून बसले होते. मास्तरांनी सवयीने पायांकडे पाहिलं. मी त्यांना कोपर मारलं. मग मी बोललो. चेंडूवर आपल्या वडिलांचं नाव घालू, म्हणालो. हजारो मुलं शिकून जातील, प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे दादासाहेबांचं नाव राहील. आबासाहेब सरळ बसले.

"नाव मोठं येईन का?"

"चेंडूभर येईल."

"मंग मांगवा अकोल्याहून. चांगल्यातला मांगवा. माह्या बापाचं नाव हाये, हलका नको."

चेंडू आला त्या दिवशी मास्तर मोटारीच्या थांब्यावर सकाळपासून उभे होते. कागद सोडला तेव्हा तेलाचा आणि नव्या कातड्याचा वास सुटला. मास्तरांनी चेंडू नाकाशी धरला, गालाला लावला, आणि शाळेपर्यंत तान्ह्या लेकरासारखा कुशीत घेऊन आले. पण खाली ठेवून पाय लावला नाही. "पयला पाय पोरायचा," म्हणाले.

मग मी माझं काम केलं. पांढरा तेलरंग, बारीक कुंचला, दोन दिवस. कातड्याच्या प्रत्येक पट्टीवर अक्षर बसवत, चेंडूला पूर्ण वेढा घालत लिहिलं : कै. दादासाहेब यांच्या पवित्र स्मरणार्थ. पवित्र हा शब्द माझ्या पदरचा. मास्तर मागे उभे राहून पाहत होते. "भाऊ, थोडं बारीक लिहा ना. येका कोपऱ्यात." मी हसलो. चेंडूला कोपरा कुठला, मास्तर? आणि आणखी ठसठशीत केलं. असं अक्षर मी त्याआधी लिहिलं नव्हतं, नंतरही नाही.

पाडव्याच्या सकाळी मैदानावर सगळं गाव जमलं. पाटावर तांदूळ, तांदळावर चेंडू, चेंडूला कुंकू आणि झेंडूची माळ. आबासाहेबांची म्हातारी आई रेंगीतून आली होती. बैल सोडून गाडी तिथेच उभी केली आणि तीत ती बसून राहिली. दोन्ही रांगा समोरासमोर, चाळीस पोरांचे हात पाठीमागे. ओट्यावरच्या पोरांनी त्या दिवशी डोकी तेल लावून चापून बसवली होती. मास्तरांचा कोट धुतलेला. नारळ फुटला, मी छोटं भाषण केलं, माळ काढली, चेंडू मैदानाच्या मधोमध ठेवला, आणि आबासाहेबांना पहिली लाथ मारायची विनंती केली.

आबासाहेब पुढे आले. धोतराचा सोगा सावरला, उजवा पाय मागे नेला, नेम धरायला खाली पाहिलं. आणि पाय तसाच राहिला. समोर, बरोब्बर पायापुढे, माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : दादासाहेब.

रेंगीतून म्हातारीचा आवाज आला. "काय करून राह्यला रे? बापाच्या नावाले लाथ मारून राह्यला?"

आमच्याकडे रद्दीच्या कागदाला पाय लागला तरी माणूस वाकून नमस्कार करतो. अक्षर ते अक्षर. आणि हे तर मेलेल्या बापाचं, पवित्र, चेंडूभर. एवढ्या दिवसांत एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आबासाहेबांच्या नाही, गावच्या नाही, माझ्या तर नाहीच; मी अक्षर काढण्यात गुंग होतो. एकाच माणसाच्या मनात ते आलं असावं, आणि त्याने बारीक लिहा म्हणून सांगितलं होतं.

आबासाहेबांनी पाय खाली घेतला. वाकून चेंडू उचलला, कपाळाला लावला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चेंडू पुन्हा पाटावर गेला, माळ पुन्हा चढली, आणि सगळ्या गावाने एकेक करून फुटबॉलच्या पाया पडून घेतलं. आतली मुलंही पडली. ओट्यावरच्या मुलांना कोणी जवळ येऊ दिलं नाही, त्यांनी होते तिथूनच हात जोडले. हात मागचे पुढे आले, तरी मास्तर ओरडले नाहीत. त्यांचे स्वतःचे हात मात्र पाठीमागेच होते.

दुसऱ्या दिवशी ते जिनात गेले. मीही गेलो. मास्तर म्हणाले, "आबासाहेब, नाव तेवढं खरवडून घेतो. पाटीवर लिहू, भिताडावर लिहू."

"माह्या बापाचं नाव खरवडता, मास्तर?"

"मंग दुसरा एक बिननावाचा..."

"एका बापाच्या नावानं दोन चेंडू कायले?"

झालं. जिनातून काचेचं कपाट आलं, चेंडू त्यात बसला, कुलूप लागलं. दरवर्षी खंडेनवमीला तो बाहेर निघायचा. गावच्या तलवारी-कुऱ्हाडींच्या शेजारी त्याची पूजा व्हायची आणि पुन्हा आत. आणखी वाईट म्हणजे, दुसरा दाता मिळेना. ज्याच्याकडे जावं तो म्हणे, "तुमच्या शाळेत हाये ना चेंडू? पूजेत पाह्यला आमी." बोर्डाला पुन्हा अर्ज केला. सदर शाळेस फुटबॉल उपलब्ध असल्याचे दप्तरी नमूद आहे, असं उत्तर आलं. ते मात्र खरं होतं. नमूद मीच केलं होतं, त्याच अक्षरात.

मास्तरांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. ते पुन्हा टेकाडावर जाऊन कवठं आणू लागले.

आठ वर्षांनी मास्तर पेन्शनीत निघाले. शाल, नारळ, आबासाहेबांचं भाषण, सगळं दुपारी उरकलं. आता मोठा मास्तर मी. किल्ल्यांचा जुडगा त्यांनी माझ्या हातात दिला, तो मी खिशात घातला. पोरं मैदानावर दोन रांगांत उभी होती, ऊन कलत आलं होतं. मास्तर कपाटापुढे उभे राहिले. काचेत चेंडू होता, थोडा बसलेला, कातडं ताठरलेलं. अक्षर जसंच्या तसं.

"भाऊ, तुमी त्या दिवशी इचारलं होतं, चिंधीचा काहून नाई चालत."

मी मान हलवली.

"माहा एक दोस्त होता. किसन. वेशीबाहीरचा. आमच्या वाडीत त्याचा बाप राबे. असा पये तो, हरीण! मले वाटे याच्यासंगं खेळाव. हुतूतूत धराव लागते. आट्यापाट्यात हात लावाव लागते. इटीदांडूत इटी हातात घ्या लागते. येकदा मी त्याले धरलं. मायनं मले इहिरीवर नेऊन अंगावर पानी ओतलं, अन् त्याच्या बापाले माह्या बापानं कामावरून काढलं. मंग मी कामठीले फुटबॉल पाह्यला. भाऊ, त्या खेळात हात लावला तं गुन्हा! हातच लावाचा नाई. नुसता चेंडू इकून तिकडं, तिकून इकडं. म्या म्हटलं, हा खेळ कोनं आमच्यासाठीच काढला."

मला एकदम त्या दोन रांगा दिसल्या, दहा पावलांवरच्या. हात पाठीमागे.

"चिंधी लुगड्याची असते. कोनाच्या घरची, कोनाचा पाय लागला, घरी गेल्यावर बाया इचारतेत, धुतेत, पोराले मारतेत. कवठ फेकून देता येते. पन चामड्याले कोन इटाळवते? ते पयलेच इटाळलेलं. चामडं सगळ्यायचं असते." मग हळूच म्हणाले, "किसन गेला मांगच्या सालच्या हिवात. त्याचा नातू हाये ना पहिलीत, ओट्यावर. आज्याचेच पाय घेऊन आला पोट्टा."

त्यांनी काचेवर बोट ठेवलं. "काढता का भाऊ बाहीर? येक डाव. हवा भरून पाहू. पोरं हायेत अजून. कोनी नाई पाहून राह्यलं."

जीन समोरच होतं. त्याच्या माडीची खिडकी उघडी होती. दुपारीच आबासाहेबांनी माझ्या नव्या जागेबद्दल बोर्डात शब्द टाकल्याचं सांगितलं होतं.

"आबासाहेबांना विचारायला हवं, मास्तर," मी म्हणालो.

"हो. इचारा लागीन," ते म्हणाले. जराही रागावले नाहीत.

मग नेहमीसारखी त्यांची मान खाली गेली. माझ्या पायांकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं, पहिल्या दिवशी पाहिलं होतं तसंच.

"डावा अजून झोपलेलाच हाये, भाऊ," ते म्हणाले, आणि ओट्यावरून उतरून, दोन रांगांच्या मधून, हात पाठीमागे बांधून चालू लागले. मी खिशात किल्ली धरून दारात उभा होतो. माझे दोन्ही पाय जागचे हलले नाहीत.